ताण, आठवण आणि वारसा: एपिजेनेटिक्समधलं पक्कं काय, कच्चं काय?

गंधाली (धागाकर्ती)

एपिजेनेटिक्स म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जनुकांचं चालू-बंद होणं ठरवणाऱ्या रासायनिक खुणांचा अभ्यास. त्याच्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी हल्ली एकत्र कालवल्या जातात. शिकताना मेंदूच्या पेशींत होणारे बदल ही पहिली. लहानपणीच्या ताणाने किंवा मायेने शरीराची ताणयंत्रणा कशी घडते, ही दुसरी. आईवडिलांचा अनुभव शुक्रपेशी किंवा बीजांडातून पुढच्या पिढीत उतरतो का, ही तिसरी. पहिल्या दोन्हींसाठी प्राण्यांमधला पुरावा चांगला भक्कम आहे. तिसरीसाठी उंदरांत काही लक्षवेधी प्रयोग आहेत आणि माणसांत अगदी थोडं आहे. "आजीचं दुःख नातीच्या जनुकांत" असं वाचलं की कुणीतरी तिसरीचा दावा पहिल्या दोन्हींच्या पुराव्यावर उभा केलेला असतो. म्हणून प्रत्येकीबद्दल सुटं सुटं बोलू.

आधी यंत्रणा. एका पेशीत साधारण २ मीटर डीएनए असतो. तो हिस्टोन प्रथिनांच्या गठ्ठ्यांभोवती गुंडाळलेला असतो, प्रत्येक गठ्ठ्यात ८ हिस्टोन आणि भोवती १४७ अक्षरजोड्या. हिस्टोनच्या शेपट्यांवर ॲसिटाइल गट बसले की गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचणं सोपं जातं. ते गट काढून टाकणारी विकरं म्हणजे एचडॅक. दुसरी खूण खुद्द डीएनएवर लागते. सी या अक्षराच्या पुढे जी असेल, तर त्या सी-वर मिथाइल गट बसू शकतो, यालाच मिथिलेशन म्हणतात. माणसाच्या जनुकसंचात अशा सुमारे २.८ कोटी जागा आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर मिथाइल असतोच. तो नव्याने बसवणारी विकरं डीएनएमटी३ए आणि ३बी. पेशी विभागताना जुन्या धाग्यावरून नव्यावर त्याची नक्कल करणारं डीएनएमटी१. काढण्याची सुरुवात टेट विकरं करतात. जनुकाच्या प्रवर्तक भागात, म्हणजे वाचन जिथून सुरू होतं तिथे, मिथाइल वाढलं की बहुधा ते जनुक गप्प होतं. "बहुधा" म्हणायचं कारण, जनुकाच्या अंगात मिथाइल असणं हे पुष्कळदा चालू जनुकाचंच लक्षण असतं. "मिथिलेशन म्हणजे जनुक बंद" हे समीकरण सरसकट लावलं की पुढचं वाचन चुकत जातं.

---

रानवारा

ताणयंत्रणेबद्दल सविस्तर लिहितो, कारण या विषयातला सर्वात नीट बांधलेला प्रयोग तिथलाच आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांच्या गटाने तो २००४ साली प्रसिद्ध केला.

रॅट जातीच्या मोठ्या उंदरांत काही माद्या पिल्लं जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना खूप चाटतात, काही कमी चाटतात. खूप चाटलेली पिल्लं मोठी झाल्यावर ताणाला शांतपणे तोंड देतात. ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरीला इशारा देतो, पिट्यूटरी अधिवृक्क ग्रंथीला, आणि तिथून कॉर्टिकोस्टेरॉन सुटतं. माणसात त्याच्या जागी कॉर्टिसॉल असतं. हे संप्रेरक मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहकांवर (संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनांवर) बसतं आणि तिथूनच "आता पुरे" असा उलटा निरोप जातो. ग्राहक जितके जास्त, तितका हा निरोप लवकर. खूप चाटलेल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ग्राहक जास्त असतात.

ग्राहकाच्या जनुकाचं नाव एनआर३सी१. त्याच्या एका प्रवर्तकात एनजीएफआय-ए हे प्रथिन चिकटायची जागा आहे. जन्माच्या आदल्या दिवशी दोन्ही गटांत तिथे मिथाइल नसतो. जन्मानंतर एका दिवसात दोन्ही गटांत चढतो. मग सहाव्या दिवसापर्यंत खूप चाटलेल्या पिल्लांत तो उतरतो, कमी चाटलेल्यांत तसाच राहतो आणि प्रौढपणीही टिकतो. फरक नेमका कोणत्या दिवसांत पडतो हे या वेळापत्रकातून दिसतं.

हा जन्मजात फरक नव्हे हे कसं कळलं? जन्मल्यावर काही तासांतच पिल्लांची अदलाबदल केली. खूप चाटणाऱ्या मादीकडे वाढलेलं पिल्लू तिच्यासारखं झालं, जन्मदात्रीसारखं नाही. पुढे प्रौढ उंदरांच्या मेंदूत ट्रायकोस्टॅटिन ए हे एचडॅक रोखणारं द्रव्य सोडलं, तेव्हा कमी चाटलेल्यांतला फरक पुसला गेला. ज्यापासून मिथाइल गट मिळतो ते मिथियोनिन देऊन उलट्या दिशेचा बदलही दाखवता आला. ठसा पक्का बसतो आणि तरी हलवता येतो, या दोन्ही गोष्टी या एकाच संचात आहेत.

---

मुक्ता_बा

रानवारा, उत्तम प्रतिसाद. एक भर घालते. खूप चाटलेल्या माद्या स्वतःही पुढे खूप चाटतात, म्हणजे वर्तन पिढ्यान् पिढ्या चालतं. पण ते बीजांडातून जात नाही. दर पिढीत आईच्या जिभेने नव्याने लिहिलं जातं. मध्येच एका पिढीत पिल्लं दुसऱ्या मादीकडे दिली की साखळी तुटते. माणसांच्या बाबतीत ज्याला लोक "वारशाने आलेला ताण" म्हणतात, त्याचा मोठा भाग याच वाटेने येत असण्याची शक्यता मला सर्वात जास्त वाटते. घरातलं वागणं, आईची झोप, बापाचा धाक, पैशाची चणचण हे सगळं जनुकांना न शिवता पुढे जातं.

---

तळ्याकाठी

हे माणसात कुणी पाहिलंय का?

---

रानवारा

पाहिलंय, मर्यादेसह. मॅकगिलच्याच गटाने २००९ साली क्वेबेकमधल्या मेंदूपेढीतले हिप्पोकॅम्पसचे नमुने तपासले. आत्महत्या केलेले आणि बालपणी अत्याचार झालेले १२, आत्महत्या केलेले पण अत्याचार न झालेले १२, आणि इतर कारणांनी गेलेले १२. पहिल्या गटात एनआर३सी१च्या तशाच भागात मिथिलेशन जास्त आणि ग्राहक कमी आढळले. गटात १२च माणसं. शिवाय मृत्यूनंतर एकदाच घेतलेला नमुना, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्यातून ठरवता येत नाही.

दुसरं जनुक एफकेबीपी५. त्याचं प्रथिन ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहकाला ढिला पाडतं. टॉर्स्टेन क्लेंगेल, एलिझाबेथ बिंडर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की बालपणी आघात झालेल्यांत या जनुकाच्या ७व्या इंट्रॉनमधलं (प्रथिनात न उतरणाऱ्या तुकड्यातलं) मिथिलेशन घटतं, पण एका ठरावीक जनुकीय प्रकाराच्या लोकांतच. "आघात झाला, ठसा उमटला" इतकं ते सरळ नाही. तोच आघात दोन माणसांत वेगळा ठसा ठेवतो आणि त्यामागे वारशाने आलेली जनुकीय अक्षरं असतात.

---

अभ्यासक

शिकण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. प्रथिनं सतत मोडतात आणि नव्याने घडतात, मग आठवण वर्षानुवर्षं कशी टिकते, हा प्रश्न फ्रान्सिस क्रिकने १९८४ सालीच विचारला होता. रेणूंवरच्या खुणा हे त्याचं एक संभाव्य उत्तर.

प्रयोगाची नेहमीची पद्धत अशी. उंदराला नव्या पेटीत सोडायचं, काही मिनिटांनी पायाला सौम्य विजेचा झटका द्यायचा, आणि २४ तासांनी त्याच पेटीत परत ठेवून तो भीतीने किती वेळ थिजून बसतो ते मोजायचं. डेव्हिड स्वेट यांच्या गटाला दिसलं की प्रशिक्षणानंतर तासाभरात हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागात एच३ हिस्टोनवरचं ॲसिटायलेशन वाढतं आणि २४ तासांत पूर्ववत होतं. २००७ साली त्याच गटाने मिथिलेशनही पाहिलं. आठवण दडपणाऱ्या पीपी१ जनुकावर मिथाइल वाढलं, आठवणीला मदत करणाऱ्या रीलिनवरून घटलं. डीएनएमटी रोखणारं द्रव्य प्रशिक्षणानंतर लगेच दिलं तर आठवण बसत नाही. ६ तासांनी दिलं तर बसते. आणि त्याच प्राण्याला औषध उतरल्यावर पुन्हा शिकवलं तर तो शिकतो, म्हणजे मेंदूला इजा झालेली नव्हती.

हिप्पोकॅम्पसमधले हे बदल एका दिवसात मावळतात. मग टिकाऊ आठवण कुठे? २०१०च्या कामात दिसलं की ती हळूहळू मेंदूच्या पुढच्या कॉर्टेक्सकडे जाते आणि तिथे कॅल्सिन्यूरिन या प्रथिनाच्या जनुकावरचं मिथिलेशन ३० दिवसांनंतरही टिकून असतं. त्या वेळी तिथे मिथिलेशन रोखलं तर जुनी आठवण क्षीण होते.

या कामातली एक अडचण सांगायलाच हवी. सुरुवातीला वापरलेली, डीएनएमटी रोखणारी झेब्युलरीनसारखी औषधं काम करण्यासाठी नव्या डीएनएत शिरावी लागतात, आणि चेतापेशी तर विभागत नाहीत. मग ती तिथे नेमकं काय करतात? म्हणून पुढे डीएनएत न शिरणारं आरजी१०८ वापरलं गेलं. चेतापेशींतून डीएनएमटी१ आणि ३ए ही दोन्ही जनुकं काढलेल्या उंदरांतही शिकणं बिघडलं. फक्त झेब्युलरीनवर उभा असलेला निष्कर्ष वाचताना हे लक्षात ठेवा.

---

तळ्याकाठी

मग एचडॅक रोखणारी औषधं घेऊन माणसाची स्मरणशक्ती वाढेल का? व्हॅल्प्रोएट तर बाजारात आहेच.

---

अभ्यासक

तळ्याकाठी, असं कुणीही करू नये, आणि हे कळकळीने सांगतो. उंदरांत आशा आहे हे खरं. ली-ह्वे त्साई यांच्या गटाने २००७ साली दाखवलं की चेतापेशी गमावलेल्या उंदरांनाही एचडॅक रोखणाऱ्या औषधाने जुनं शिकलेलं पुन्हा आठवू लागलं, आणि भरपूर खेळणी-चाकं असलेल्या पिंजऱ्यात ठेवल्यानेही तसंच झालं. २००९ साली एचडॅक२ हा मुख्य अडसर असल्याचं दिसलं. २०१४ साली महिन्याभराच्या जुन्या भीतीवर उपचार करताना असं औषध जोडीला दिलं, तर एरवी न जाणारी भीती ओसरली. पण तिथेही भीती विझवण्याचं प्रशिक्षण द्यावंच लागलं. एकट्या औषधाने ते होत नाही.

व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचं औषध. एचडॅक रोखणं हा त्याच्या अनेक परिणामांपैकी एक. गरोदरपणी घेतल्यास सुमारे १०% बाळांत जन्मजात व्यंग आणि ३० ते ४०% मुलांत वाढीच्या अडचणी येऊ शकतात, असा युरोपीय औषध नियामकांचा इशारा आहे. अपस्मारासाठी ते चालू असेल तर मनाने बंदही करू नये, डॉक्टरांशी बोलावं.

---

गंधाली

आता तिसरी गोष्ट. अनुभव पुढच्या पिढीत जायचा तर खुणांना दोन पुसण्या ओलांडाव्या लागतात. एक गर्भधारणेनंतर लगेच, दुसरी भ्रूणात पुढच्या पिढीच्या जननपेशी तयार होताना. दोन्ही वेळा बहुतेक मिथाइल उतरवला जातो. शिवाय शुक्रपेशीत हिस्टोनच्या जागी प्रोटामाइन ही दुसरी प्रथिनं बसतात, फार थोडे हिस्टोन उरतात. अपवाद आहेत. पालकनिहाय ठसा असलेली जनुकं (आईकडून आलं की बापाकडून यावर ज्यांचं चालू-बंद ठरतं ती) पहिल्या पुसणीतून वाचतात, काही उड्या मारणारे डीएनएचे तुकडे दोन्हींतून. हा अडथळा किती मोठा आहे याचा उल्लेख लोकप्रिय लेखांत क्वचितच असतो.

पिढ्या मोजतानाही घोटाळा होतो. गरोदर मादीला ताण दिला तर ती, तिच्या पोटातलं पिल्लू आणि त्या पिल्लाच्या शरीरात तयार होत असलेल्या जननपेशी, अशा तीन पिढ्या एकदम त्या ताणात सापडतात. म्हणून खरा वारसा सिद्ध करायला पणतू-पिढी तपासावी लागते. नराला ताण दिला असेल तर नातवंडांची पिढी पुरते. आजीच्या गरोदरपणातल्या उपासमारीचा नातवावरचा परिणाम हा बीजातला वारसा आहे असं म्हणताच येत नाही. नातवाचं बीज तेव्हा त्या उपासमारीतच होतं.

---

प्रयोगवही

गंधालीताईंनी गाभ्यालाच हात घातला. उंदरांतल्या बापाकडच्या वारशाचे तीन प्रयोग गाजले, त्यांबद्दल.

ब्रायन डायस आणि केरी रेसलर, २०१४. नरांना ॲसिटोफिनोनचा वास आणि सौम्य झटका एकत्र दिला. त्यांची मुलं आणि नातवंडं त्या वासाला जास्त दचकली, कृत्रिम गर्भधारणेतून जन्मलेलीसुद्धा. वास ओळखणाऱ्या ओएलएफआर१५१ जनुकावर बापाच्या शुक्रपेशीत मिथिलेशन कमी होतं. पण नाकातली बातमी शुक्रपेशीपर्यंत कशी पोचते, हा दुवा रिकामा आहे. शिवाय त्याच वर्षी ग्रेगरी फ्रान्सिस यांनी आक्षेप घेतला की इतक्या छोट्या गटांत इतक्या साऱ्या चाचण्या एकजात यशस्वी होणं संख्याशास्त्राच्या दृष्टीने संशयास्पद आहे. हा आक्षेप मला वजनदार वाटतो.

झुरिकमधला इझाबेल मन्सुई यांचा गट, तेही २०१४. पिल्लांना पहिले दोन आठवडे रोज अवेळी ३ तास आईपासून तोडलं, आईलाही ताण दिला. त्या नरांच्या शुक्रपेशींतला आरएनए काढून साध्या फलित बीजांडात टोचला, तरी वर्तनातले आणि चयापचयातले काही बदल पिल्लांत आले. ट्रेसी बेल यांच्या गटाने ताणलेल्या बापांच्या शुक्रपेशींतले ९ सूक्ष्म आरएनए टोचून ताणाच्या संप्रेरकाचा तसाच बदललेला प्रतिसाद मिळवला. वाहक टोचून परिणाम मिळणं हा नुसत्या सहसंबंधापेक्षा वरच्या दर्जाचा पुरावा.

आता चुका कुठे होतात. एका बाळंतपणातली ८ पिल्लं म्हणजे ८ स्वतंत्र नमुने नव्हेत. संख्या बाळंतपणांची धरायची. ६ माद्यांची ४८ पिल्लं असतील तर नमुना ६चा. हे पाळलं नाही की खोटे निकाल ढिगाने येतात. आईपासून तोडण्याच्या प्रयोगात परत आलेली मादी पिल्लांना जास्त चाटते, त्यामुळे परिणाम उलटाही होऊ शकतो. पिल्लांना दूर ठेवताना ऊब राखली नाही तर आपण ताण नव्हे, गारठा मोजत असतो. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे मादी आपल्या जोडीदाराकडे पाहून संगोपन कमी-जास्त करते. २०११ साली एरिक नेस्लर यांच्या गटाच्या प्रयोगात झुंजीत पराभूत झालेल्या, खचलेल्या नरांची पिल्लं खचलेली निघाली. कृत्रिम गर्भधारणेने मादी आणि नर यांची भेटच टाळली, तेव्हा बहुतेक परिणाम नाहीसा झाला. बापाकडचा वारसा म्हणून आलेल्या कुठल्याही शोधात ही पायरी आहे का, ते आधी पाहावं.

---

रानवारा

प्रयोगवही, तुमच्या यादीत एक जोडतो. सी. एलेगन्स या कृमींना पीए१४ या रोगकारक जिवाणूवर २४ तास ठेवलं तर ते त्याला टाळायला शिकतात, आणि कोलीन मर्फी यांच्या गटानुसार ही टाळाटाळ ४ पिढ्या जाते. क्रेग हंटर यांच्या गटाला मात्र पहिल्या पिढीपुढे ती दिसली नाही. वाद येऊन ठेपला तो एका बारीक पायरीवर. कृमी पहिल्यांदा जिवाणूच्या ज्या ठिपक्यावर पोचतो तिथेच त्याला सोडियम अझाइडने जागच्या जागी थांबवायचं, की शेवटी बशी थंड करून मोजायचं? अझाइड नसेल तर पहिल्या निवडीनंतर कृमी तिथे शिकून मत बदलतो आणि मोजणी पुसट होते, असं मर्फी गटाचं म्हणणं. पुढे एका तिसऱ्या प्रयोगशाळेने अझाइड वापरून दुसऱ्या पिढीपर्यंत परिणाम मिळवला.

---

मुक्ता_बा

माणसांत सर्वात जास्त उद्धृत होतो तो नेदरलँड्समधला १९४४-४५चा भुकेचा हिवाळा. बास हेइमान्स आणि सहकाऱ्यांनी २००८ साली, गर्भधारणेच्या सुमारास उपासमार झालेल्या ६० जणांची तुलना त्यांच्याच, उपासमार न झालेल्या सख्ख्या भावंडांशी केली. सुमारे सहा दशकांनंतरही आयजीएफ२ जनुकाजवळचं मिथिलेशन कमी होतं. साधारण ५१.५% वरून ४८.८%. गरोदरपणाच्या शेवटी उपासमार झालेल्यांत फरक नव्हता. भावंडांशी तुलना केल्याने घरची परिस्थिती आणि बरीचशी जनुकं आपोआप सारखी राहिली, म्हणून हा अभ्यास मला मनापासून आवडतो. पण आकडा पाहा, तीन टक्के-बिंदूंपेक्षाही कमी. आणि हा गर्भातला थेट परिणाम आहे, पिढ्यांचा वारसा नव्हे.

याच्या उलट, होलोकॉस्टमधून वाचलेल्यांचा २०१६चा एफकेबीपी५ अभ्यास. ३२ वाचलेले, २२ त्यांची मुलं. तुलनेला फक्त ८ पालक आणि ९ मुलं. पालकांत मिथिलेशन जास्त, मुलांत कमी, म्हणजे दिशाच उलटी. इतक्या लहान तुलनागटावर जगभर मथळे झाले. त्या लोकांचं दुःख खरं आहे, आणि म्हणूनच त्याला इतक्या तकलादू पुराव्याचा आधार देऊ नये असं मला वाटतं.

---

गंधाली

पुण्याचं काम इथे यायलाच हवं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या माता आणि मुलांचा पाठपुरावा केला. सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी१२ कमी होतं, फोलेट मात्र पुरेसं. ज्या मातांत बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत ६व्या वर्षी इन्सुलिनला सर्वात कमी प्रतिसाद होता. शिकण्याशी थेट जोडलेला भाग २००८चा. २८व्या आठवड्यात बी१२ ७७ पिकोमोलपेक्षा कमी असलेल्या मातांची आणि २२४पेक्षा जास्त असलेल्या मातांची मुलं ९व्या वर्षी तपासली. पहिल्या गटातली मुलं अवधान टिकवण्यात आणि आकडे लक्षात ठेवण्यात मागे पडली. बुद्धिमत्तेच्या चाचणीत फरक नव्हता.

एपिजेनेटिक्सशी संबंध असा. मिथाइल गट येतो तो एस-ॲडेनोसिल-मिथियोनिनमधून. ते बनतं मिथियोनिनपासून, आणि होमोसिस्टीनपासून मिथियोनिन करणाऱ्या विकराला बी१२ लागतं. बी१२ नसेल तर फोलेट एकाच रूपात अडकून पडतं. तरीही त्या मुलांमधला फरक मिथिलेशनमुळेच पडला असं या अभ्यासांतून सिद्ध होत नाही. बी१२ मायलिनसाठीही, म्हणजे चेतातंतूंच्या आवरणासाठीही, लागतं.

कृपया यावरून कुणी गरोदरपणात फोलिक ॲसिड थांबवू नका. बाळाच्या मज्जारज्जूचं व्यंग टाळायला ते आवश्यकच आहे. शाकाहारी घरांत त्याच्या जोडीला बी१२ची रक्ततपासणी करून घेणं एवढाच व्यवहार्य अर्थ.

---

तळ्याकाठी

लाळेची नळी पाठवून "तुमच्या ताणाचा एपिजेनेटिक अहवाल" देणाऱ्या चाचण्यांचं काय?

---

प्रयोगवही

पैसे देण्याआधी काय विचारायचं ते सांगतो.

कुठल्या पेशी मोजल्या? लाळेत गालाच्या आतल्या पेशी आणि पांढऱ्या पेशी यांची सरमिसळ असते आणि दोघींचं मिथिलेशन पूर्ण वेगळं. हिरडी सुजली की पांढऱ्या पेशी वाढतात आणि अहवाल बदलतो, ताण तोच असला तरी. रक्तातही संसर्ग झाला की पेशींचं प्रमाण हलतं. ते प्रमाण काढून दुरुस्ती केलेली नसेल तर १ ते ५ टक्क्यांच्या फरकाला अर्थ नाही, आणि ताणाच्या अभ्यासांतले बहुतेक फरक तेवढेच असतात. मेंदूतल्या पेशींचा अंदाज लाळेवरून लागतो तो मोजक्याच जागांपुरता.

बायसल्फाइट प्रक्रिया किती पूर्ण झाली? ही प्रक्रिया मिथाइल नसलेल्या सी-ला बदलते आणि पुढे तो टी म्हणून वाचला जातो. ९९% पेक्षा कमी रूपांतर झालं तर उरलेले सी खोटं मिथिलेशन दाखवतात. शिवाय साध्या बायसल्फाइटला मिथाइल आणि टेटने बदललेला हायड्रॉक्सिमिथाइल यांतला फरक कळत नाही. मेंदूत हा दुसरा प्रकार भरपूर असतो, त्यामुळे मेंदूच्या नमुन्यांवरच्या जुन्या आकड्यांत दोन्ही मिसळलेले आहेत.

नमुने मिथिलेशन मोजणाऱ्या चिपवर कसे मांडले? ४५० हजार जागांच्या चिपवर १२ नमुने बसतात, त्यानंतरच्या ८५० हजारवालीवर ८. रुग्ण एका चिपवर आणि निरोगी दुसरीवर लावले तर चिपमधला फरकच रोगाचा फरक म्हणून दिसतो. हे अहवालात कधी लिहीत नाहीत, विचारावं लागतं. मोजलेल्या सी-च्या जागी त्या माणसाच्या डीएनएत मुळातच टी असेल, तर तोही "मिथिलेशन कमी" म्हणून मोजला जातो.

रक्तातल्या मिथिलेशनवरून एक गोष्ट मात्र खरोखर चांगली ओळखता येते, ती म्हणजे धूम्रपान. एएचआरआर जनुकातल्या एका जागेचं मिथिलेशन धूम्रपान करणाऱ्यांत ठळक घटतं आणि सोडल्यावर हळूहळू वर येतं. अनेक देशांतल्या मोठ्या गटांत ते पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ताणासाठी अशी एकही जागा आज हातात नाही.